अडीच तासांची शांतता: डनॉलीच्या रानात बिघडलेल्या डिटेक्टरचं प्रकरण

पहिल्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास माझ्या लक्षात आलं, की गेल्या अडीच तासांत माझ्या मेटल डिटेक्टरला, म्हणजे धातू शोधणाऱ्या यंत्राला, एकही खिळा लागलेला नाही. सोनं लागलं नाही यात विशेष काही नव्हतं, ते कित्येक दिवस लागत नाही. पण खिळा नाही, छर्रा नाही, डब्याच्या पत्र्याचा तुकडा नाही, असं ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या गोल्डफिल्डवर, म्हणजे सोन्याच्या जुन्या पट्ट्यात, होत नाही. १८५१ पासून हजारो माणसांनी ही जमीन उकरली, तिच्यावर तंबू ठोकले, घोड्यांना नाल मारले, पक्ष्यांवर बंदुका झाडल्या. इथं डिटेक्टर फिरवणाऱ्याचा निम्मा दिवस लोखंड आणि शिसं उकरण्यात जातो. माझ्या हेडफोनमध्ये मात्र नुसती थ्रेशोल्डची, म्हणजे काहीच सापडत नसताना यंत्र काढतं ती, बारीक, अखंड गुणगुण चालू होती.

मी उभा राहिलो आणि मेहुण्याला हाक मारली. हे प्रकरण तिथून सुरू झालं, म्हणजे मला ते तिथून कळलं. बिघाड त्याच्या बराच आधी झालेला होता.

जागा आणि यंत्र

डनॉली हे मेलबर्नच्या वायव्येला सुमारे १८० किलोमीटरवरचं छोटं गाव. टार्नागुल्ला, मोलियागुल, किंगोवर, वेडरबर्न हा सगळा पट्टा 'गोल्डन ट्रँगल' म्हणून ओळखला जातो. जगातले काही सर्वांत मोठे नगेट (सोन्याचे नैसर्गिक गोळे) इथलेच. ५ फेब्रुवारी १८६९ ला मोलियागुलला जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना एका झाडाच्या बुडाशी, जमिनीखाली जेमतेम एक इंचावर 'वेलकम स्ट्रेंजर' लागला. त्यातून सुमारे ७१ किलो सोनं निघालं. डनॉलीत एवढा मोठा काटा नव्हता, म्हणून तो ऐरणीवर तोडून वजन करावं लागलं. १९८० मध्ये किंगोवरला डिटेक्टरवर सापडलेला 'हँड ऑफ फेथ' २७ किलोंहून जास्त भरला.

आमचा हेतू एवढा मोठा नसतो. एक ग्रॅम लागलं तरी आठवडाभर घरात तोच विषय असतो. मी मूळचा विट्याकडचा. वडिलांची गलाई, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं दुकान, होती कोइमतूरला. खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पसरली, त्यांतलेच ते एक. लहानपणी सुट्टीत मी दुकानात बसायचो तेव्हा त्यांनी कसोटीच्या दगडावर सोनं लावायला शिकवलं. परक्या सोन्याची रेघ एकटी कधी ओढायची नाही. शेजारी आपल्याला कस माहीत असलेल्या सोन्याची रेघ हवीच, नाहीतर डोळा फसतो. ही गोष्ट त्या दिवशी दुपारी कामाला आली, ती सकाळी अकराला आठवली असती तर बरं झालं असतं.

यंत्र पल्स इंडक्शन जातीचं, ११ इंची गोल कॉइलचं (दांड्याच्या टोकाची तारेच्या वेटोळ्याची चकती), चार वर्षं वापरातलं. याचं काम समजून घेतल्याशिवाय पुढची तपासणी कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. कॉइलमधून विजेचा ठोका सोडतात आणि तो एकदम तोडतात. जवळ धातू असेल तर त्या तोडण्याने धातूत एडी करंट (भोवऱ्यासारखे वीजप्रवाह) फिरू लागतात आणि विझत जातात. त्यांचं विझणं तीच कॉइल ऐकते. हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालतं. लहान नगेटमधला करंट काही मायक्रोसेकंदांत संपतो. कॉइल शांत व्हायला जरा जरी उशीर झाला तरी बारीक सोनं ऐकू यायच्या आधीच विझून गेलेलं असतं. म्हणजे या यंत्रात कॉइल हेच कान आणि तेच तोंड, आणि तिच्यापासून यंत्राच्या मुख्य डब्यापर्यंत येणारी वायर हीच नस.

इथल्या मातीत लोखंडाचे ऑक्साइड भरपूर. लाल आयर्नस्टोनचे खडे सगळीकडे पडलेले. त्यातला मॅग्हेमाइट ठोका तुटल्यावर स्वतःही हळूहळू विझतो आणि खोटा आवाज देतो. म्हणून यंत्राला आधी 'ग्राउंड बॅलन्स' करून जमिनीचा आवाज वजा करायला शिकवावं लागतं. ते नीट न केल्यास प्रत्येक पावलाला सोनं असल्याचा भास होतो.

सकाळी काय झालं

ऑगस्टचा शनिवार. रात्री थंडी चांगलीच होती, वॅटलची झाडं पिवळीधमक फुलली होती. आम्ही दोघांनी मायनर्स राइट जवळ असल्याची खात्री केली (सरकारी परवाना, दहा वर्षं चालतो, पण राष्ट्रीय उद्यानांत सहसा चालत नाही) आणि आठ वाजता जुन्या खोदकामाच्या बाजूला एका सपाटीवर सुरुवात केली. हा जा जा वुरुंग या आदिवासी लोकांचा मुलूख आहे. दगडी हत्यारांच्या कपच्या दिसल्या तर त्यांना हात लावायचा नसतो, आणि काढलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा असतो.

पावणेअकरापर्यंत यंत्र ठणठणीत. तोपर्यंत सात छर्रे आणि बुटाचे तीन खिळे निघाले. मग सपाटी संपून चढ लागला, आणि थोड्याच वेळात हेडफोनमध्ये कडकड सुरू झाली. प्रत्येक फेरीच्या टोकाला, विशेषतः डावीकडे, एक खोटा ठोका.

मेहुणा म्हणाला, "दाजी, जमीनच खराब आहे ही. सेन्सिटिव्हिटी खाली घ्या."

मलाही तसंच वाटलं. चढावर आयर्नस्टोन जास्त होता हे डोळ्यांना दिसत होतं. मी पाच मिनिटांत तीन गोष्टी केल्या: सेन्सिटिव्हिटी बरीच कमी केली, जास्त खनिजाळ जमिनीसाठीचा टाइमिंग मोड लावला, आणि ग्राउंड बॅलन्स नव्याने घेतला. कडकड गेली. आम्ही पुढे चाललो.

या प्रकरणातली सगळ्यांत मोठी चूक हीच. यंत्र शांत झालं म्हणजे बरं झालं, असं मी धरून चाललो. या धंद्यात पडलेली बहुतेक माणसं असंच धरतात, कारण कडकडीने डोकं उठतं आणि शांततेने बरं वाटतं. पण सेन्सिटिव्हिटी पुरेशी खाली आणली तर तुटक्या वायरचं यंत्रसुद्धा शांत होतं. बहिरा माणूस गोंगाटाची तक्रार करत नाही, तसंच आहे ते.

माहीत असलेलं सोनं

माझ्याकडे ०.४ ग्रॅमचा एक नगेट प्लॅस्टिकच्या चकतीत चिकटवून ठेवलेला असतो. सकाळी निघताना तो कॉइलखाली फिरवला होता, तेव्हा सुमारे १२ सेंटिमीटरवरून स्पष्ट ऐकू आला होता. आता, दीड वाजता, चकती जमिनीवर टाकली आणि कॉइल फिरवली. काही नाही. खाली आणत गेलो. शेवटी तीन सेंटिमीटरवर एक पुसटसा आवाज आला, तोही आधी माहीत असल्यामुळे कळला. तेवढा आवाज मी एरवी ओलांडून पुढे गेलो असतो.

म्हणजे अकरा ते दीड मी नुसता चाललो होतो. त्या पट्ट्यात काय होतं, काय नव्हतं, याबद्दल माझ्याकडे काहीही माहिती नव्हती.

डबा खाली ठेवला, चहा काढला आणि ठरवलं की आता सोनं शोधायचं नाही, बिघाड शोधायचा. मी नोकरीत कारखान्यातली मोजमापाची उपकरणं सांभाळतो. तिथं एक शिस्त आहे: आधी सगळं मूळ स्थितीला आणा, बिघाड पुन्हा दिसू द्या, मग एका वेळी एकच गोष्ट बदला. मी सकाळी जे केलं ते बरोबर उलट होतं.

तपासणी

फॅक्टरी रीसेट केला. कडकड परत आली. तिला परत आणणं हीच पहिली पायरी होती, कारण दिसत नसलेला बिघाड शोधता येत नाही.

पहिला संशय बाहेरच्या विजेचा. उच्चदाबाच्या तारा, मोबाइल, वॉकीटॉकी, जवळ चालू असलेला दुसरा डिटेक्टर, अगदी लांबवर चमकणाऱ्या विजासुद्धा या यंत्राला ऐकू येतात. मेहुण्याने त्याचं यंत्र बंद केलं, दोघांचे फोन गाडीत नेऊन ठेवले. मी कॉइल कमरेएवढ्या उंचीवर स्थिर धरली, मग उभी केली, मग हळूहळू गोल फिरलो. बाहेरून येणारा अडथळा असेल तर तो कॉइल न हलवताही ऐकू येतो आणि तिची दिशा बदलली की कमी-जास्त होतो. इथं कॉइल स्थिर असताना पूर्ण शांतता होती. संशय मिटला.

दुसरा संशय जमिनीचा, ज्याच्यावर मी सकाळी डोळे झाकून विश्वास ठेवला होता. कॉइल छातीएवढी उचलली आणि हवेतच फेरी मारली. जमिनीचा आवाज असता तर एवढ्या उंचीवर तो विरून गेला असता. पण डावीकडच्या टोकाला कड्, पुन्हा कड्. जमीन निर्दोष होती. ही तपासणी करायला दहा सेकंद लागतात, आणि ती सकाळी केली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

इथं मला १८८१ सालची गोष्ट आठवते. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना २ जुलैला गोळी लागली. ती अंगात कुठे अडकली आहे ते शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातू ओळखणारं यंत्र बनवलं. यादवी युद्धातली गोळी अंगात राहून गेलेल्या माणसावर ते आधी तपासलंही होतं, म्हणजे माहीत असलेली रेघ शेजारी ओढलेली होती. तरी गारफिल्ड यांच्याबाबतीत यंत्र फसलं. पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि मुख्य डॉक्टर गोळी उजव्या बाजूलाच आहे यावर ठाम असल्याने तपासणी तिथंच झाली. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली. यंत्र कुठे फिरवायचं हे आधीच ठरवून टाकलं की चांगलं यंत्रही उपयोगाचं राहत नाही. मी 'जमीन खराब' असं ठरवूनच बटणं फिरवली होती.

कॉइल स्थिर असताना शांत आणि हवेत हलवली की आवाज. म्हणजे हलण्यानेच काहीतरी होत होतं. मग हलतं काय काय ते पाहत गेलो. हेडफोन काढून स्पीकर लावला, आवाज तसाच. बॅटरी बदलली, तसाच. कॉइलची वायर दांड्यावर सैल लोंबत नव्हती. डब्याकडचा प्लग पक्का होता, त्याच्या पिनांवर ओल किंवा गंज दिसला नाही. (प्लग काढायचा तर यंत्र बंद करूनच. ठोका तुटताना कॉइलवर शंभर-दोनशे व्होल्टची उसळी येते.)

मग कॉइलखालचं प्लॅस्टिकचं झाकण उघडलं. आत बारीक लाल धूळ आणि आयर्नस्टोनचे पाच-सहा खडे. कॉइल हलली की हे खडे तिच्या पोटाला लागून घरंगळत होते, आणि खनिजाळ खडा एवढ्या जवळ हलला तर खोटा आवाज हा येणारच. पिण्याच्या पाण्याने सगळं धुतलं, पुसलं, झाकण बसवलं. कडकड निम्म्याने कमी झाली.

मेहुणा खूष झाला. "झालं दाजी, हेच होतं!"

मीसुद्धा जवळजवळ उठलोच होतो. निम्मा फरक फार फसवा असतो. एक खरं कारण सापडलेलं असतं, त्यामुळे दुसरं शोधायची इच्छा मरते. पण चकती पुन्हा ठेवून पाहिली तेव्हा १२ सेंटिमीटरवर नगेट कधी ऐकू यायचा, कधी नाही. एकाच जागी, एकाच उंचीवर. धुळीने असं होत नाही. म्हणजे अजून काहीतरी होतं.

मी कॉइल एका लाकडी बुंध्यावर आडवी ठेवली, आजूबाजूचं लोखंड, कुदळ, बुटांसकट सगळं लांब केलं, आणि कॉइल अजिबात न हलवता नुसती वायर बोटांनी चाचपत डब्याकडून कॉइलकडे सरकत गेलो. दर चार बोटांवर वायर हलकेच वाकवायची, थांबायचं, ऐकायचं. शेवटच्या टोकाला, जिथं वायर रबरी बुडख्यातून कॉइलमध्ये शिरते तिथं, अंगठ्याने डावीकडे दाबली आणि हेडफोन कडाडले. सोडली, शांत. पुन्हा दाबली, पुन्हा कडाड. पंधरा वेळा केलं, पंधरा वेळा तेच झालं.

तेव्हा वहीतली सकाळची नोंद आठवली: 'पावणेअकरा, चढ, कॉइलचा कोन बदलला.' कोन बदलला म्हणून वायर त्या बुडख्याशी नव्या बाजूला वाकली होती. जमीन आणि कोन एकाच वेळी बदलले, आणि मी दोष डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीला दिला.

मीटरवर

रात्री कॅराव्हॅन पार्कमध्ये कॉइल यंत्रापासून पूर्ण सोडवली आणि मल्टिमीटर लावला. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा करता कॉइल सुमारे ०.५ ओहम दाखवत होती, आणि अशा कॉइलचा रोध एवढाच थोडा असतो. बुडख्याशी वायर वाकवली की आकडा ४ वर, कधी १८ वर, एकदा तर सर्किट पूर्ण उघडं. आता ऐकीव पुराव्याला आकड्याचा जोर आला.

तरीही डब्यात दोष नाही हे सिद्ध व्हायचं होतं. शेजारच्या तंबूतल्या एका म्हाताऱ्या ऑस्ट्रेलियन गृहस्थांकडे याच यंत्राला बसणारी ८ इंची कॉइल होती. त्यांनी काही न विचारता ती दिली. जोडली, हवेत फिरवली, वायर वाकवली, आपटली. पूर्ण शांतता. मग चकती: ०.४ ग्रॅम, पुन्हा १२ सेंटिमीटरवर, सलग वीस फेऱ्यांत वीसही वेळा. शांतता आता खरी होती, कारण तिच्यात नगेट ऐकू येत होता.

रविवारी

ट्रॅक फोनवर नोंदलेला असल्याने बहिरा पट्टा नेमका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते माहीत होतं: चढावरचा साधारण ३० मीटर रुंद, ६० मीटर लांब भाग. ८ इंची कॉइलने हळू चालत त्याच जमिनीवरून परत गेलो. पहिल्या दहा मिनिटांत खिळा. मग छर्रा, छर्रा, घोड्याच्या नालेचा तुकडा. दुपारपर्यंत अर्धा पट्टा झाला, त्यातून २३ छर्रे, ९ खिळे आणि एक शिशाची गोळी निघाली. अकराच्या सुमारास एका बॉक्स झाडाच्या (निलगिरीची एक जात) मुळाशी एक मऊ, गोल आवाज आला. नऊ सेंटिमीटरवर, लाल मातीत, ०.८ ग्रॅम.

आदल्या दिवशीच्या ट्रॅकवर पाहिलं. त्या मुळावरून मी शनिवारी बारा वाजून वीस मिनिटांनी कॉइल फिरवून गेलो होतो.

वायर का तुटली

मेलबर्नला परत आल्यावर एका दुरुस्ती करणाऱ्याकडे बसून बुडखा कापून उघडला. वायरच्या आतली जाळी एका बाजूला जवळपास पूर्ण तुटलेली, दोन-तीन केसाएवढ्या तारा शिल्लक होत्या. तुटलेली टोकं काळी पडलेली, म्हणजे हे काही त्या सकाळचं काम नव्हतं. कित्येक महिने एकेक तार जात होती.

कारण माझ्याच सवयीत सापडलं. वायर दांड्याला बांधायचा वेल्क्रो मी कॉइलपासून अगदी दोन इंचांवर घट्ट आवळत असे. गाडीत घालताना कॉइल दुमडली की सगळा वाक त्या दोन इंचांत, एकाच बिंदूवर यायचा. चार वर्षं, दर शनिवार-रविवारी, दोन वेळा.

तुटलेला भाग कापून टाकला, नवीन टोकाला डाग दिला, वर उष्णतेने आवळणारी नळी आणि नवा रबरी बुडखा. वायर चार सेंटिमीटर आखूड झाली, त्याने काही बिघडलं नाही. मीटर लावून दोनशे वेळा वाकवली, ०.५ हलला नाही. वेल्क्रो आता एक वीत वर, आणि खाली वायरीची एक सैल कमान. चकती आता दर तासाला खाली पडते, यंत्र कितीही गोड गुणगुणत असलं तरी. आणि छर्रा न लागता अर्धा तास गेला तर तासाची वाट न बघता.

वडिलांना फोनवर ही सगळी हकीकत सांगितली. त्यांना यंत्राचं फार कळलं नाही, पण चकतीशी आले तेव्हा ते म्हणाले, "मग सकाळीच रेघ ओढून बघायची होतीस की." ०.८ ग्रॅमचा तुकडा मी त्यांनीच दिलेल्या दगडावर लावला. रेघ उजळ आली, इथलं सोनं बहुधा चांगल्या कसाचं असतंच.

त्या चढावरचा उरलेला अर्धा पट्टा अजून तसाच आहे. सप्टेंबरमध्ये पावसाने रस्ता चिखलाचा झाला, आणि त्यानंतर ऊन वाढलं की साप बाहेर पडतात. पुढच्या हिवाळ्यात तिथून सुरुवात करणार आहोत, नकाशावर तो तुकडा लाल रंगाने भरून ठेवला आहे: ३० बाय ३०, बारा चाळीस ते दीड.